घाटमाथ्यावरची पोढी

जुन्नर तालुक्याचा नकाशा फळ्यावर काढायला सांगितला की आमच्या शाळेतील मुले आधी शिवनेरी काढतात, मग कुकडी नदी, मग लेण्याद्री. पूर्वेला नारायणगावची टोमॅटोची बाजारपेठही येते, कारण निम्म्या मुलांचे वडील नाहीतर चाचा तिथे हमाली किंवा गाडी भरण्याचे काम करतात. पश्चिमेची बाजू मात्र रिकामी राहते. कोणी तेथे एखादे झाड काढतो आणि खडू खाली ठेवतो. वास्तविक जुन्नरचा बराचसा इतिहास याच रिकाम्या बाजूने घाट चढून वर आलेला आहे.

म्हणून २०२३ सालच्या मे महिन्यातील एका रविवारी आम्ही दोन शिक्षक आणि आठवी-नववीची अकरा मुले त्या बाजूला निघालो. फजरची नमाज झाली, डबे बांधले आणि एका ओळखीच्या जीपने अंधारातच गाव सोडले. घाटघरच्या अलीकडे उतरून पुढचे सगळे पायीच करायचे असे ठरले होते. उर्दूच्या क्रमिक पुस्तकातून काश्मीरच्या डोंगरांची चित्रे मुलांनी पाहिली होती. हिरवी कुरणे, मधोमध निळे तळे, पाठीमागे बर्फ. मे महिन्यातील घाटमाथा पाहून त्यांचा हिरमोड झाला. गवत वाळून पिवळे पडलेले, भाताची खाचरे भेगाळलेली, वाटेत करवंदांच्या जाळ्या आणि आदिवासी घरांच्या अंगणात वाळत घातलेला हिरडा. एकाने विचारलेच, "सर, तालाब कुठं आहेत?"

आमच्या सह्याद्रीत बर्फ नाही. त्यामुळे बर्फ वितळून भरणारी तळीही नाहीत. चार महिने छाती दडपून टाकील असा पाऊस कोसळतो आणि आठ महिने हा काळा कातळ कोरडा पडतो. पडलेले पाणी कातळावर ठरत नाही, एकीकडे कोकणात नाहीतर दुसरीकडे कुकडी, मीना, घोड या नद्यांत उतरून जाते. येथे तळे हवे असेल तर ते छिन्नीने कातळात खोदावे लागते. जुन्नरच्या डोंगरांत दोन हजार वर्षे माणसांनी तेच केले. अशा खोदलेल्या टाक्याला जुन्नरच्या शिलालेखांत शब्द आहे 'पोढी'. हा शब्द आम्ही मुलांना त्या दिवशी शिकवला आणि दिवसभर तो त्यांच्या तोंडी राहिला.

नाणेघाट म्हणजे डोंगराच्या दोन भिंतींमधली चिंचोळी खिंड. खाली मुरबाड तालुक्यातले वैशाखरे, वर घाटघर. सोपारा आणि कल्याण या बंदरांत उतरलेला माल याच खिंडीतून जुन्नरला आणि तेथून पैठणकडे जात असे. खिंडीच्या तोंडाशी दगडात कोरलेला मोठा रांजण आहे. जकातीची नाणी त्यात टाकत असत असे लोक सांगतात. मुलांना रांजण फार आवडला. दोघे-तिघे आत वाकून पाहून आले. आत नाणी नव्हती, चिप्सची रिकामी पाकिटे होती.

खिंडीतल्या लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा शिलालेख आहे. इसवी सनापूर्वी पहिल्या शतकाच्या सुमाराचा, ब्राह्मी लिपीतला, प्राकृत भाषेतला. कोणकोणते यज्ञ केले आणि त्यात गायी, घोडे, हत्ती, कार्षापण नाणी किती दिली याची ती लांबलचक यादी आहे. समोरच्या भिंतीवर राजघराण्यातील माणसांच्या मूर्ती होत्या. आता फक्त पावलांचे अवशेष आणि वरची नावे उरली आहेत. गणित शिकवणाऱ्या आमच्या सहकाऱ्यांना मात्र यज्ञांपेक्षा आकड्यांत रस होता. भारतात कोरलेले जे जुन्यात जुने अंक सापडतात त्यांपैकी काही या भिंतीवर आहेत. शून्य नाही. दहाला, शंभराला, हजाराला वेगवेगळी खूण आहे. पुढे कित्येक शतकांनी याच कुळातले अंक शून्यासह बगदादला गेले, अल् ख्वारिज्मीने त्यांवर पुस्तक लिहिले, आणि युरोपने त्यांना अरबी अंक म्हटले. अरब स्वतः त्यांना हिंदी अंक म्हणत. सहकाऱ्यांनी हे सांगितले तेव्हा मुले भिंतीकडे जरा वेगळ्या नजरेने पाहू लागली.

याच घाटात पाण्याची टाकी आहेत आणि टाक्याच्या दानाचा एक छोटा लेखही आहे. सोपाऱ्याच्या गोविंददासाने पोढी दिली, एवढेच. ना राजाचे नाव, ना यज्ञ. हा गोविंददास व्यापारी असावा असे आम्हांला वाटते. बंदरातून माल घेऊन एवढा घाट चढल्यावर घशाला पडलेली कोरड त्याने अनुभवली असणार. जुन्नरच्या लेण्यांमधले दानलेख वाचत गेलो की अशी माणसे भेटत राहतात. इरिल नावाच्या यवनाने दोन पोढी दिल्या. यवन म्हणजे ग्रीक किंवा पश्चिमेकडून आलेला परदेशी. मानमोडीच्या डोंगरात क्षत्रप राजा नहपान याचा अमात्य अयम याने ४६ व्या वर्षी पोढी आणि मंडप दिला. नहपानही मूळचा परका, शक. राण्यांनी गायी आणि हत्ती दिले, या परक्या माणसांनी पाणी दिले. दोन्ही लेख एकाच तालुक्यात आहेत.

डबे उघडले तेव्हा आठवीतल्या एका मुलाने आम्हांला हळूच विचारले, "सर, यहाँ अपना कोई था क्या?"

या प्रश्नाला मागची एक गोष्ट आहे. आदल्या वर्षी आम्ही मुलांना शिवनेरीवर नेले होते. तेथे बाहेरगावच्या एका पर्यटकाने मुलांच्या टोप्या पाहून 'तुमचं इथं काय काम?' असे हसत हसत विचारले. भांडण वगैरे काही झाले नाही. मुलांनी उत्तर दिले नाही, आम्हीही दिले नाही, आणि खाली उतरेपर्यंत कोणी फारसे बोलले नाही. तो प्रश्न मुलाने वर्षभर जपून ठेवला होता. झटपट एखादे नाव सांगून आम्ही मोकळे झालो असतो. पण मग इतिहास म्हणजे आपापल्या माणसांची हजेरी घेणे होऊन बसते, आणि ती सवय मुलांना लावायची नव्हती. आम्ही म्हटले, "परतताना वाटेत सांगू." खरे म्हणजे आम्हांलाच विचार करायला वेळ हवा होता.

परतीच्या वाटेवर पहिल्यांदा आम्ही त्यांना एका रशियन माणसाची गोष्ट सांगितली. अफनासी निकितिन हा त्वेर शहराचा व्यापारी १४७० च्या आसपास चौलला उतरला, पालीवरून घाट चढला आणि पावसाळ्याचे दोन महिने जुन्नरला राहिला. बरोबर विकायला आणलेला एक घोडा होता. जुन्नर त्या वेळी बहमनी राज्यात, वजीर महमूद गवानच्या हाताखालच्या असदखानाकडे होते. निकितिन लिहितो की गाव खडकावर आहे, ते माणसाने रचलेले नाही तर देवाने घडवलेले आहे, आणि वरची वाट इतकी अरुंद की दोन माणसे शेजारी चालू शकत नाहीत. शिवनेरी चढलेल्या कोणालाही हे वर्णन ओळखीचे वाटेल. पण पुढे त्याने जे लिहिले आहे तेही मुलांना सांगितलेच पाहिजे असे आम्हांला वाटले. हा मुसलमान नाही हे कळल्यावर असदखानाने त्याचा घोडा काढून घेतला आणि सांगितले, आमच्या धर्मात ये, घोडाही देतो आणि हजार सुवर्णनाणीही देतो. मुदत चार दिवसांची. निकितिन हवालदिल झाला. त्याच वेळी खोरासानचा ख्वाजा मुहम्मद तेथे आला. निकितिनने त्याचे पाय धरले. ख्वाजा असदखानाकडे गेला, रदबदली केली, घोडा परत आणून दिला आणि धर्म बदलण्याची गोष्ट सोडायला लावली.

मुले विचारात पडली. त्यांतल्या एकाने विचारले, "सर, असदखान अपना था या ख्वाजा?" दोघेही, आम्ही म्हटले. जुन्नरच्या इतिहासात 'आपले' शोधायला निघाले की दोघेही पदरात येतात. असदखानाला वगळून फक्त ख्वाजाला घरी नेता येत नाही. आमच्या समाजात व्यासपीठावरून इतिहास सांगताना ही वगळावगळ फार होते. दुसरीकडे ती होते म्हणून आपणही करावी, हे काही उत्तर नव्हे.

चावंडच्या पायथ्याशी पोहोचेस्तोवर ऊन चांगलेच चढले होते. किल्ल्यावर कातळात कोरलेली सात टाकी ओळीने आहेत, त्यांना सप्तमातृका म्हणतात. सगळ्यांना वर नेण्याची हिंमत आम्हांला झाली नाही. १८१८ च्या मे महिन्यात इंग्रजांनी चावंड आणि जीवधन घेतले आणि दोन्हींच्या वाटा सुरुंग लावून तोडल्या, त्या तुटलेल्या पायऱ्यांवरून मुले नेणे म्हणजे पालकांची परवानगी पुन्हा घेणे आले. पायथ्याच्या सावलीत बसून किल्ल्याकडे पाहत इतिहासाचा तास झाला.

हा तास निजामशाहीचा होता. पाथरीच्या कुळकर्णी घराण्यातला एक ब्राह्मण मुलगा बहमनी सैन्याच्या हाती सापडला, मुसलमान म्हणून वाढला, आणि पुढे निजामुल्मुल्क मलिक हसन बहरी या नावाने बहमनींचा वजीर झाला. हे आम्ही नव्हे, इतिहासकार फरिश्ता लिहितो. १४८६ मध्ये हसनचा बिदरला खून झाला. मुलगा मलिक अहमद तेव्हा जुन्नरला होता. शिवनेरीच्या किल्लेदाराने त्याला किल्ला द्यायचे नाकारले होते. अहमदने तो वेढा घालून घेतला. आत कित्येक वर्षांचा साठलेला महसूल सापडला. त्याने तो शिपायांत वाटला आणि मग चावंड, जीवधन, लोहगड, तुंग, तिकोना असे एकामागून एक किल्ले घेतले. १४९० मध्ये तो स्वतंत्र झाला. चार वर्षांनी त्याने आपल्या नावाचे अहमदनगर वसवले, ते आजचे अहिल्यानगर. म्हणजे दीडशे वर्षे चाललेल्या एका राज्याची पहिली चूल जुन्नरला पेटली.

त्या राज्याचे शेवटचे दिवसही याच डोंगरांत गेले, आणि ते मुलांच्या वयाच्या पोरांचे आहेत. १५९५ च्या सुमारास गादीच्या भांडणात बहादूर निजामशाह नावाच्या अगदी तान्ह्या राजपुत्राला या चावंडवर कैदेत ठेवले होते. त्याची आत्या-आजी चांदबीबी हिने अहमदनगर मोगलांविरुद्ध लढवले ते या पोराच्या नावाने. १६०० मध्ये किल्ला पडला आणि बहादूरची रवानगी ग्वाल्हेरच्या तुरुंगात झाली. मग मलिक अंबर उभा राहिला. हबशी, गुलाम म्हणून विकला गेलेला. त्याने दुसऱ्या मुर्तजाला गादीवर बसवले आणि १६०७ च्या सुमारास राजधानी जुन्नरला आणली. ती तीनेक वर्षे इथे होती. जुन्नरच्या पूर्वेला हापूसबाग आहे. आंब्याशी त्या नावाचा संबंध नाही, हबशीबागेचे हापूसबाग झाले असे जुने लोक सांगतात. तेथील भव्य घुमट आमच्या मुलांनी क्रिकेट खेळताना शेकडो वेळा पाहिला आहे. मलिक अंबरची स्वतःची कबर तेथे नाही, ती खुलताबादला आहे. पण हबशांचा हा ठसा गावाच्या नावात राहिला. पुढे अंबरने खडकी वसवली, म्हणजे नंतरचे औरंगाबाद आणि आजचे छत्रपती संभाजीनगर, आणि तेथे जमिनीखालून नहर आणली. नहरीचे नाव ऐकल्यावर एक मुलगा म्हणाला, "यानेही पोढीच दिली." आम्ही त्या मुलाला शाबासकी दिली.

१६३३ मध्ये दौलताबाद पडले आणि निजामशाही बुडाली असे सगळे समजले. तेव्हा शहाजीराजांनी या घराण्यातला एक लहान मुलगा शोधून काढला, पेमगिरीवर त्याला गादीवर बसवले आणि त्याच्या नावाने तीन वर्षे मोगल आणि आदिलशाही या दोघांशी झुंज दिली. हा मुलगा जीवधनवर अडकवलेला होता असे इतिहासकार लिहितात. सकाळी ज्याच्या पायथ्यावरून आम्ही चालत आलो तोच हा जीवधन. १६३६ मध्ये माहुलीच्या किल्ल्यावर सगळे संपले आणि पोर मोगलांच्या हवाली झाले. शिवनेरीवर शिवाजी महाराजांचा जन्म झाला तो १९ फेब्रुवारी १६३० रोजी. वडील निजामशाहीसाठी लढत असतानाच्या धामधुमीत जिजाऊंना या किल्ल्याचा आसरा मिळाला होता. २०२५ च्या जुलैमध्ये युनेस्कोने मराठा लष्करी स्थापत्याच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा ठरवले, त्यांत शिवनेरी आहे. त्या किल्ल्यात शिवाई देवीचे मंदिर आहे, बौद्ध लेणी आहेत, आणि दोन मिनारांना जोडणारी कमान असलेली कमानी मशीदही आहे. कोळी चौथराही आहे. मोगलांविरुद्ध उठलेल्या महादेव कोळ्यांची मुंडकी तेथे उडवली असे सांगतात. त्यांचा उठाव जमिनीच्या मोजणीतून आणि वाढवलेल्या साऱ्यातून झाला. किल्ला पाहायचा तर हे सगळेच पाहावे लागते, चौथराही आणि मशीदही.

येथे थोडे घरचे सांगतो. आमच्या आईचे घराणे कागदी. आमचे नाना म्हणत की त्यांच्या आजोबांचे हात उन्हाळ्यातही ओलेच असत. जुन्नरला मुसलमान कागदी पिढ्यान्‌पिढ्या हातकागद बनवीत. जुनी गोणपाटे, दोर, चिंध्या कापायच्या, चुन्यात भिजवायच्या, कुटायच्या, नदीवर नेऊन पुन्हा पुन्हा धुवायच्या. मग लगदा हौदात घोळून गवताच्या काड्यांच्या चाळणीवर एकेक ताव उचलायचा, भिंतीवर वाळवायचा, खळ लावायची आणि गुळगुळीत दगडाने घोटायचा. या कामाला वाहते पाणी लागते, आणि ते कुकडीने दिले. कुकडीचा उगम चावंडजवळच्या पूर गावी, कुकडेश्वराच्या मंदिरापाशी. जुन्नरी कागद महाराष्ट्रभर नावाजलेला होता. पेशवाईत जुन्नरचे काही कागदी पुण्याला गेले, कसबा पेठेतला कागदीपुरा त्यांचा. घाटमाथ्यावरच्या हिरड्यापासून काळी शाई होत असे. म्हणजे किती तरी जुनी मराठी मोडी पत्रे, हिशेब, वतनाचे कागद यांच्याखाली आमच्या कागद्यांचे हात आणि आदिवासींचा हिरडा आहे. पुढे गिरणीचा स्वस्त कागद आला आणि धंदा बसला. नानांच्या घरी घोटायचा एक दगड होता, तो आमच्या मामीने बरीच वर्षे मसाला वाटायला वापरला.

'यहाँ अपना कोई था क्या' याचे उत्तर त्या दिवशी कुकडेश्वराच्या कुंडापाशी हात धुताना आम्ही हे दिले. मलिक अहमदचे नाही, मलिक अंबरचेही नाही, कागद्यांचे. मुलाने लगेच विचारले, "सर, मग त्यांचे नाव कुठं लिहिलंय?" कागद बनवणाऱ्याचे नाव कागदावर नसते, ही गोष्ट आमच्याही लक्षात त्या वेळीच आली.

आंबेगावचा भाग राहिला. तो आम्ही २०२४ च्या उन्हाळ्यात केला, मुले तीच, फक्त दोन कमी. निमित्त होते फ्रायरचे. जॉन फ्रायर हा ईस्ट इंडिया कंपनीचा मुंबईतला डॉक्टर. १६७५ मध्ये जुन्नरच्या मोगल सुभेदाराने त्याला औषधोपचारासाठी बोलावले. शिवाजी महाराजांचे जन्मस्थान तेव्हा मोगलांच्या ताब्यात होते. १६५७ मध्ये महाराजांनी जुन्नर शहरावर छापा घालून तीन लाख होन आणि दोनशे घोडे नेले होते, तरी किल्ला हाती आला नव्हता. फ्रायरला जनानखान्यात नाडी पाहायला नेले, तेव्हा त्याची परीक्षा घेण्यासाठी पडद्याआडून आधी एका धडधाकट दासीचा हात पुढे केला. त्याने या हाताला काहीही रोग नाही म्हणून सांगितले, मग खऱ्या रोग्याचा हात मिळाला. येताना वाटाड्यांनी चुकून त्याला आहुप्याच्या अवघड घाटाने वर चढवले होते. परतताना तो नाणेघाटाने उतरला. माथ्यावर त्याला खोळंबून राहावे लागले, कारण मिठाने लादलेले तीनशे बैल वर येत होते. तास-दोन तास उभे राहिल्यावर बैलवाल्यांची मनधरणी करून तो खाली गेला. मिठाची येथे एवढी मातबरी की लोक कोणाची भाकरी खातो असे म्हणत नाहीत, कोणाचे मीठ खातो असे म्हणतात, हेही त्याने नोंदले आहे. नमकहलाल हा शब्द आपण सिनेमात ऐकतो. त्याच्या मागे तीनशे बैलांची ती चढण आहे.

घोडेगाव, डिंभे, माळीण अशा रस्त्याने आहुपे. माळीणला आम्ही जीप थांबवली. ३० जुलै २०१४ च्या सकाळी डोंगर खचून हे गाव गाडले गेले, १५१ माणसे गेली. गाव जागेवर नाही हे पहिल्यांदा एस.टी.च्या चालकाच्या लक्षात आले. शाळेची इमारत तेवढी वाचली. पुनर्वसित माळीण २०१७ मध्ये झाले. आम्ही फातेहा पढली. बरोबरच्या जीपचालकाने हात जोडले. मुलांना काही सांगावे लागले नाही.

आहुप्याला डोंगराची कड एकदम तुटते. खाली गोरखगड आणि मच्छिंद्रगडाचे सुळके, त्यापलीकडे धुरकट कोकण. कडेला मोकळा माळ, मेमध्येही वारा सुटलेला, आणि मागे भैरवनाथाची देवराई. इतक्या उन्हातही रानात शिरल्यावर गारवा लागला. देवराईतले झाड तोडायचे नाही हा महादेव कोळ्यांचा कायदा कुठल्याही अभयारण्याहून जुना आहे. भीमाशंकरचे अभयारण्य १९८५ चे. एका अंगणात हिरडा निवडत बसलेल्या वृद्ध बाबांनी आम्हांला पाणी दिले. "गुरुजी, पोरांना टोप्या घालायला सांगा, ऊन बाधतं," ते म्हणाले. मुलांच्या टोप्या खिशात होत्या. शिवनेरीच्या त्या प्रसंगानंतर ती सहलीला टोप्या घालत नव्हती, हे आमच्या ध्यानातच आले नव्हते. मुलांनी टोप्या घातल्या. बाबांना फ्रायरविषयी सांगितले तर ते हसले. लहानपणी ते बापाबरोबर याच घाटाने हिरडा घेऊन खाली जात आणि मीठ अन् सुके बोंबील घेऊन वर येत. "तुमच्या साहेबानं उगा बोभाटा केला. घाट अवघड नाय. पायात बूट असंल त्याला अवघड."

उतरताना डिंभ्याच्या जलाशयाकाठी थांबलो. घोड नदीवरच्या या धरणाला हुतात्मा बाबू गेनू सागर म्हणतात. १२ डिसेंबर १९३० रोजी मुंबईत परदेशी कापडाच्या मोटारीपुढे आडवा झालेला बाबू गेनू याच तालुक्यातल्या महाळुंगे पडवळचा. कुकडी प्रकल्पाची पाच धरणे, येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे, यांच्या पाण्यावर पूर्वेकडचा ऊस, द्राक्षे आणि टोमॅटो उभे आहेत. आमच्या मुलांच्या घरची मजुरीही त्याच पाण्यातून येते. ज्यांच्या जमिनी पाण्याखाली गेल्या ते आदिवासी चढावर सरकले. शाश्वत या संस्थेच्या मदतीने त्यांनी उतारावर पडकई घालून नवी भातखाचरे पाडली, जलाशयात मासेमारी सुरू केली. या कामाला २०१२ मध्ये इक्वेटर पुरस्कार मिळाला. मुलांच्या क्रमिक पुस्तकात हे नाही.

मेमध्ये पाणी खूप आत गेले होते. चिखलाच्या वाळलेल्या पट्ट्यात बांधांच्या रेषा आणि दगडांची जोती उघडी पडली होती. जाळे सोडवत बसलेल्या एका माणसाला मुलांनी विचारले, "मामा, आंबेगाव कुठल्या बाजूला?" त्याने जाळ्यातून मान न काढता पाण्याकडे बोट केले. तालुक्याला ज्या गावाचे नाव आहे ते गाव धरणाच्या पाण्यात आहे, कचेरी घोडेगावला आहे. मुलांना ते खरेच वाटेना.

आम्ही त्यांना वहीत नकाशा काढायला लावले होते. या वेळी पश्चिमेची बाजू भरली होती. नाणेघाट, जीवधन, चावंड, कुकडेश्वर, आहुपे, माळीण, सगळे जागच्या जागी. ज्याने नाणेघाटात तो प्रश्न विचारला होता तो मुलगा पेन्सिल धरून घुटमळला. "सर, इथं पाणी काढू की गाव?" आम्ही काही बोलण्याआधी मासेमारी करणारे मामाच म्हणाले, "गाव काढ आधी. पानी वरून रंगव."

त्याने तसेच केले. निळा खडू त्याच्याकडे नव्हता, पेनाच्या शाईने रंगवले.